सखुकाकूची थाई

आमच्या खाडीकाठच्या गावात थाई भाषा आणली सखुकाकूनं, आणि तिचा त्रास झाला एका बिचाऱ्या थाई बाईलाच. मी तेव्हाच बजावलं होतं, पण घरातल्या शिक्षिकेचं ऐकतो कोण!

सखुकाकू माझी चुलत सासू. वय साठ, सगळा जन्म मिठागरात गेलेला. तिचा अल्पेश पट्टायाच्या एका हॉटेलात स्वयंपाकी. तिथल्याच नोयशी त्याचं जमलं. दोघांना लग्न करून इकडे यायचं होतं, पण नोयची आई मालीबाई एकुलत्या एका लेकीला परक्या देशात धाडायला तयार होईना. "घर बघेन, माणसं बघेन, मग सांगेन," असं तिनं कळवलं. ती नाही म्हणाली तर अल्पेश कायमचा तिकडेच राहणार होता. या भीतीनं काकूचं जेवणखाण सुटलं.

मग ती थाई शिकायला लागली. नोय फोनवर एकेक वाक्य बोलून पाठवायची आणि काकू भाकऱ्या थापता थापता ते घोकायची. तीन महिन्यांत चाळीसेक शब्द झाले. त्यातली दोन वाक्यं तिनं अख्ख्या भावकीकडून पाठ करून घेतली. 'किन खाव यांग' म्हणजे जेवलात का, आणि 'इम लॅव' म्हणजे पोट भरलं. दुसरं कशाला, असं मी विचारलं.

"पावनी काय बोलते ता कलाला नको?" काकू माझ्यावरच डाफरली.

अल्पेश आणि नोयबरोबर मालीबाई आली. लहानखुरी, हसरी बाई. दुसऱ्या दिवशी अल्पेश आणि नोय लग्नाच्या नोंदणीची चौकशी करायला अलिबागला गेले, आणि ही आमच्या तावडीत सापडली.

पाहुणी एका घरी जेवली आणि दुसऱ्या घरी नाही, तर आमच्या भावकीत दहा वर्षं बोलाचाली बंद. म्हणून काकू तिला घेऊन निघाली. पहिलं घर हिरामणभाऊंचं. ते अंगणातूनच गरजले, "किन खाव यांग?"

मालीबाईला कोण आनंद झाला! "इम लॅव," ती म्हणाली. सगळ्यांना बरोबर कळलं. आणि सगळ्यांनी मिळून तिला पाटावर बसवलं.

कारण आमच्याकडे पाहुणा 'पुरे' म्हणतो तो रीत म्हणून. तीनदा नको म्हणणार, तरी आपण वाढायचं. मालीबाईकडे, हे नोयनं मला नंतर सांगितलं, ताटात भाताचं शीत टाकणं म्हणजे पाप. त्यामुळे ती ताट पुसूनपुसून रिकामं करी, आणि रिकामं ताट दिसलं की हिरामणभाऊंच्या गोदूवहिनी त्यात भाताचा डोंगर उभा करीत.

दुसऱ्या घरी जिताड्याचं कालवण. तिसऱ्या घरी कोलंबी. चौथ्या घरी तिनं हात जोडले, तर "काय नम्र बाई हाय!" म्हणत कोंडाजी आजोबांनी स्वतः वाढलं. पाचव्या घरी तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिखट लागलं असेल म्हणून तिला वर दहीभात घातला.

"अहो, तिचं पोट खरंच भरलंय!" मी ओरडले.

"ती तसाच बोलनार," आमच्यामागून आलेल्या गोदूवहिनी शांतपणे म्हणाल्या.

शेवटी काकूचं घर. भावकी दारात दाटलेली. मालीबाईनं ताटाकडे पाहिलं आणि ती हुंदके देत भराभर काहीतरी बोलली. त्यातले दोनच शब्द काकूला ओळखता आले, 'क्लाप बान'. घरी जायचंय.

काकूचा चेहरा उतरला. तिनं एकदा दाराकडे पाहिलं, मग मालीबाईपुढचं ताट ओढून घेतलं आणि स्वतः जेवायला बसली. भावकी हबकली. पाहुणीचं ताट काढून घ्यायचं, वर तिचं उष्टं खायचं, तेही मुलाच्या आईनं! काकूनं मान वर केली नाही. शेवटचं शीत उचललं आणि ताटात हात धुतला.

मालीबाई बघत राहिली. मग तिथंच भिंतीला टेकून पाय लांब करून झोपली.

तासाभरानं अल्पेश आणि नोय परतले. मालीबाईनं डोळे न उघडताच लेकीला काहीतरी सांगितलं. नोय खूप हसली, मग अल्पेशनं आम्हाला सांगितलं, "त्या म्हणतायत, लग्नाच्या पंगतीत वाढायला या बायका नकोत."

गोदूवहिनींना राग आला. काकूला मात्र अर्थ लागायला थोडा वेळ लागला. लागला तशी ती ओसरीवर मटकन बसली आणि मोठमोठ्यानं रडायला लागली.