चुलीच्या तोंडाचं माप

जळबा गावात आला म्हणजे एखादी योजना संपली, हे सेनगाव तालुक्यात शेंबड्या पोरालाही माहीत आहे. तोंडावर त्याला 'निकालवाले मामा' म्हणतात, पाठीमागं काय म्हणतात ते लिहिण्यासारखं नाही. त्यात जळबाचा काही दोष नाही. संस्था येतात, दोन-तीन वर्षं गावात काहीबाही करतात, पाटी लावतात, फोटो काढतात. मग लांबचं कुठलं तरी मोठं ऑफिस विचारतं, की बाबांनो, झालं का काम? तेव्हा हिंगोलीतली एक बारकी कचेरी जळबाला पाठवते. तो जातो, बघतो, मोजतो, फॉर्म भरतो. फॉर्मच्या तळाला दोन चौकटी असतात. एक यशस्वी, एक अयशस्वी. त्यातल्या एकीत खूण करायची आणि जीप धरायची.

हे काम त्याला मिळालं ते त्याच्या लबाडीमुळं. चाळीस वर्षांपूर्वी तो रोजगार हमीवर माती उपसायला होता. तेव्हा खोदलेल्या खड्ड्याच्या मधोमध मातीचा एक खांब तसाच सोडत, म्हणजे मूळची जमीन किती उंच होती ते साहेबाला दिसावं आणि खोली मोजता यावी. जळबा त्या खांबाच्या डोक्यावर गवतासकट एक ढेप अशी काही बसवायचा, की खांब हातभर उंच व्हायचा आणि खड्डा तेवढाच खोल. एका ओव्हरसियरनं त्याला पकडलं, दोन शिव्या घातल्या आणि दुसऱ्या दिवशी टेप त्याच्याच हातात दिली. म्हणाला, "खांब कोण वाढवतं ते तुझ्यावाणी दुसरं कुणाला कळणार?"

तेव्हापासून जळबा मोजतोच आहे. पण नुसतं मोजून भागत नाही, हे तो लवकर शिकला. शेळ्या वाटपाच्या एका कामात तो दावणीला गेला आणि बाईला म्हणाला, "हिचं नाव काय?" बाई शेजारणीकडं बघायला लागली. जिला नाव नाही ती शेळी शेजाऱ्याची, आजच्या दिवसापुरती आणून बांधलेली. संडास बघायला गेला तर आधी दाराकडं जाणारी वाट बघायचा. गवत माजलेलं असलं की आत डोकवायची गरज नसायची. खिशात छत्रीची एक जुनी काडी असायची. जिथं नवी माती, नवा रंग, नवं सारवण दिसेल तिथं ती काडी टोचायची, ही त्याची खोड.

अशा माणसाला होळीच्या पंधरा दिवस आधी कवठगव्हाणच्या चुली बघायला पाठवलं.

तीन वर्षांपूर्वी त्या गावात चाळीस घरांत सिमेंटच्या चुली बसवल्या होत्या. साच्यात घडवलेल्या. वर भांड्यांना दोन जागा, मागं पत्र्यातून वर काढलेलं धुराडं, आणि पुढं लाकूड सारायला विताएवढं बारीक तोंड. तोंड बारीक म्हणजे लाकूड कमी जळतं आणि धूर धुराड्यानं वर जातो, असा हिशोब. घरोघरी गॅसची टाकी होतीच, पण ती चहापुरती. ज्वारीची भाकर आणि वरण चुलीवरच.

फाट्यावर निलम उभी होती. ही गावची सून, चुलींचं काम हिनंच बघितलेलं. जीपमधून जळबा उतरला तशी ती म्हणाली, "या मामा. चहा घेता का आधी?"

"आधी चुली. चहा पिऊन बघितलं की सगळं बरंच दिसतं."

निलम हसली, पण अर्ध्यावर थांबली. चालता चालता तिनं सांगून टाकलं. ही चाळीस यशस्वी ठरली, तर पुढच्या चाळीस चुली टेकाळवाडीला जाणार होत्या. टेकाळवाडी म्हणजे तिचं माहेर. यादी तयार होती आणि यादीत पहिलं नाव तिच्या आईचं, सुमनबाईचं. "माय सकाळी चुलीपुढून उठती तं घंटाभर डोळे उघडत न्हाईत तिचे. अयशस्वी लिहिलं तं काम इथंच बंद. मंग वाडीला कोणी इचारत न्हाई."

"मी काय लिहीन ते चुली सांगतील," जळबा म्हणाला. असलं तो सगळ्यांनाच म्हणायचा.

पहिलं घर कोमलचं. चूल पांढऱ्या मातीनं अशी पोतारलेली, की नव्या नवरीनं पावडर लावावी. पुढं रांगोळी. जळबाचा हात खिशात गेला. त्यानं तोंडाच्या कडेला काडी टोचली आणि मातीचा एक पोपडा खाली पडला. आत सिमेंट फुटलेलं.

"हे कसं फुटलं?"

"पहिल्यापासूनच तसं हाय," कोमल म्हणाली आणि पदर तोंडाला लावला.

दुसऱ्या घरात तेच, तिसऱ्या घरात तेच. वरून पांढरी माती, आतून फुटकं तोंड. जळबाला तरुणपणचा खांब आठवला आणि मस्तक तापलं. फॉर्मवर एक रकाना होता, 'चूल मूळ स्थितीत आहे का?' त्याखाली तो नाही, नाही, नाही लिहीत सुटला. शंभरात निदान ऐंशी मूळ स्थितीत नसल्या तर काम नापास, असा नियम. अकराव्या घरापर्यंत निलम उंबऱ्याबाहेरच थांबायला लागली होती.

चौदावं घर हरिचंदचं. इथली चूल मात्र तंतोतंत. कोर ना चीर, साच्यातून काढली तशी. पोतारलेलीसुद्धा नव्हती. जळबा वाकला आणि तोंडात हात घातला, तशी आतून कोंबडीनं टोच मारली.

"अंड्यावर बसलीय ती," हरिचंद म्हणाला. "दोन वर्सांपासून तिथंच बसती. जागा मानवली तिला."

जळबानं बोट चोखलं आणि पेन काढलं. 'मूळ स्थितीत आहे का?' खाली त्यानं लिहिलं, होय. लिहिलं आणि थांबला. कोंबडी त्याच्याकडं मान वाकडी करून बघत होती. दिवसभरातलं पहिलं होय तिला मिळालं होतं.

मग त्याला चैन पडेना. त्यानं राहिलेली घरं भराभर केली. चाळीसपैकी एकतीस फुटक्या निघाल्या, नऊ साबूत. साबूत नऊपैकी एकीत कोंबडी, एकीवर देवाचा दिवा, एकीवर सोयाबीनच्या बियाण्याचं पोतं, बाकीच्यांत चपला, बाटल्या, जाळं. राख एकीतही नव्हती. आणि ज्या घरांत चूल साबूत, त्या सगळ्यांच्या अंगणात तीन दगडांची चूल होती, काळी कुट्ट, ताज्या राखेची.

"निलमताई, परत चला. पहिल्या घरापासून."

"आता काहून?"

"मोजायचं राहिलं."

तो कोमलच्या चुलीपुढं बसला, सगळी पांढरी माती खरवडून काढली आणि टेप लावली. फुटका भाग चार बोटं. उजव्या अंगाला. दुसऱ्या घरी चार बोटं, उजव्या अंगाला. तिसऱ्या घरी तेच. पाचव्या घरी तो तसाच मांडी घालून बसला. आपोआप फुटलेली वस्तू कधी मापानं फुटते का? भांडं पडलं तर वरून फुटावी, लाकूड आपटलं तर खालून. एकतीस घरांत उजवीकडंच आणि चार बोटंच काहून? चोरी पकडली की त्याला बरं वाटायचं, पण आज चोरीत माप होतं, आणि मापात बसणारी चोरी त्यानं बघितली नव्हती.

"कोणी फोडल्या?" त्यानं विचारलं. आवाज आता चढा नव्हता.

मागं जमलेल्या बाया एकमेकींकडं बघू लागल्या. निलमच पुढं झाली. "मामा, लिपायला म्याच सांगितलं. ट्रेनिंगात साहेब म्हणले व्हते, चुलीला कोणी हात लावला तं योजना गेली म्हणून समजा. तुमी येणार म्हणलं तं भेव वाटलं. दोन दिवस आमी नुसती मातीच कालवून राहिलो."

"लिपलं कोणी ते न्हाई इचारलं. फोडलं कोणी?"

"म्या," मागून आवाज आला. नानीबाई. पंच्याहत्तरीची, कमरेत वाकलेली, तोंडात तंबाखू. "म्याच फोडल्या. एकतीसच्या एकतीस. काय करतो, फाशी देतो का?"

"माय, पण काहून?"

"भाकर खातो ना तू? का नुसतं फारमच खातो?" बाया फिसकन हसल्या. "चाल घरी. तुला सांगून कळायचं न्हाई."

तिनं घरी जाऊन चूल पेटवली. तुरीच्या काड्या मोडून आत सारल्या. पीठ मळलं, भाकर थापली, तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं, उलटली. मग तवा उतरवून भाकर हातात घेतली आणि चुलीच्या तोंडात, विस्तवाला टेकवून उभी केली. भाकर फुगली, टम्म. उजवीकडची चार बोटं फोडलेली नसती तर ती आत गेलीच नसती. भाकरीची रुंदी वितापेक्षा जास्त, तोंड वितभर.

"तव्यावरची भाकर पोट फुगवती," नानीबाई म्हणाली. "तिला विस्तव दाखवावा लागतो. ह्या चुलीत दाखवायचा कसा? पहिले आठ दिवस आमी वरण इथं आन भाकरीपुरती बाहीर तीन दगडं पेटवली. मंग बाहीर जाळ हायेच तं वरण बी तिथंच. मंग ही कशाला? म्या एक दिवस कुऱ्हाडीच्या उलट्या अंगानं ठोकलं. ही कोमल बघून गेली, म्हणली माझी बी करून द्या. तिच्या मागं सगळ्या. माझा हात लावून मापलं, म्हणून चार बोटं. आन ज्यांनी साहेबाला भेऊन न्हाई फोडली, त्यांच्यात कोंबड्या बसल्या."

जळबा उकिडवा बसून बघत होता. भाकर तोंडात असेपर्यंत धुराची एक बारीक वळवळ बाहेर यायची, भाकर काढली की धूर परत धुराड्याकडं वळायचा. त्यानं चार भाकरी होईपर्यंत बघितलं. चुलीवरची भिंत बघितली. दिवाळीला चुना दिलेला, अजून पांढरी होती. मग हरिचंदच्या अंगणातल्या तीन दगडांमागची भिंत जाऊन बघून आला. ती तव्यासारखी काळी होती. आल्यावर नानीबाईनं एक भाकर, ठेचा आणि कांदा पुढं सरकवला. आजवर कामाच्या गावात तो जेवला नव्हता. आज बसला. भाकर कशी शेकली ते बघायचं होतं, एवढंच तो नंतर म्हणाला.

ओसरीवरूनच त्यानं हिंगोलीला फोन लावला. कचेरीत अपूर्व नावाचा तरुण साहेब होता, फॉर्म त्याच्याकडं जायचे.

"एकतीस मोडलेल्या म्हणजे निकाल स्पष्ट आहे ना, काका?"

"मोडलेल्या न्हाईत, साहेब. बेतलेल्या हायेत."

"तसा रकाना नाही आपल्या फॉर्ममध्ये."

"म्हणून तं फोन केला. तुमच्या फॉर्मनं आज गावात पास कोण झालं माहीत हाय का? एक कोंबडी. ती मूळ स्थितीत हाय."

"आणि धूर?" अपूर्वनं विचारलं.

"भाकर शेकताना थोडा येतो. बाकी न्हाई. मी डोळ्यानं पाहिला, लिहून देतो. माप, चित्र, भिंतीचा फोटो, समदं वेगळ्या कागदावर जोडून राहिलो. चौकट मी यशस्वीची भरतो. तुमाला खोडायची असली तं इथं येऊन खोडा."

निलम शेजारी उभी होती. तिचा चेहरा उजळला, पण जळबाच्या कागदाची शेवटची ओळ वाचून परत पडला. तिथं लिहिलं होतं, 'पाहणीच्या आधी, योजना जाईल या भीतीनं, चुली लिंपून तोडलेला भाग लपवण्यात आला होता.'

"मामा, हे काहून लिहिता? वाडीचं काम जाईल ह्यानं."

"झालं ते लिहावं लागतं."

"पण आमी काय चोरी केली का?"

"न्हाई केली. तरी लपवलं. उद्या ह्या कागदातलं एक वाक्य खोटं निघालं तं बाकीचं कोणी वाचणार न्हाई. तुझ्या मायच्या चुलीसाठी मला हे लिहावं लागतं, पोरी."

ते निलमला पटलं नाही. फाट्यापर्यंत मात्र ती आली. जीप आली तेव्हा तिनं फक्त दार धरलं.

पुढचे वीस दिवस काही कळलं नाही. जळबा दुसऱ्या गावात बंधारे मोजत होता, पण रोज संध्याकाळी अपूर्वला फोन करायचा. कधी नव्हे ते तो एखाद्या निकालाच्या मागं लागला होता. शेवटी उत्तर आलं. लांबच्या ऑफिसानं दोन प्रश्न विचारले होते. एक, लपवलं काहून. त्याचं उत्तर कागदात होतंच. दुसरा, चार बोटं म्हणजे नेमके किती सेंटिमीटर. जळबानं सांगितलं, सात. मग टेकाळवाडीला चाळीसच्या जागी वीस चुली मंजूर झाल्या, साच्याचं तोंड वाढवून. सहा महिन्यांनी परत पाहणी, मात्र ती दुसऱ्या माणसानं करायची. जळबा गावात जेवला होता, हे त्यानंच अहवालात लिहिलं होतं.

साचा घडवायच्या आधी वाडीतली मापं घ्यायला मात्र त्यालाच पाठवलं. वीसमध्ये सुमनबाईचं नाव होतं. बाकीच्या वीस घरांतल्या बाया दारात उभ्या राहून बघत होत्या आणि त्यांच्या नजरेला नजर देताना सोबत आलेल्या निलमची अडचण होत होती. वीसच काहून, हे तिला प्रत्येकीला सांगावं लागत होतं.

सुमनबाई धुरात बसली होती, डोळे बारीक, गालावर पाणी. समोर बसून जळबानं तिची भाकर टेपनं मोजली. एकदा मोजली, परत मोजली. नानीबाईच्या भाकरीपेक्षा दोन बोटं मोठी होती. सात सेंटिमीटरनं इथं भागणार नव्हतं.

"तुमच्याकडं एवढी मोठी भाकर काहून?" त्यानं विचारलं.

"वाडी माळावर हाय. रानात जाणाऱ्याला दोनच भाकरी बांधून द्यायच्या असत्यात," सुमनबाई म्हणाली. "बारक्या केल्या तं चार कराव्या लागत्यात. येळ कोणाला हाय?"

जळबानं वहीतला सातचा आकडा खोडला. पुढं अकरा लिहिलं, खाली कारण लिहिलं, आणि शेजारच्या घरची भाकर बघायला उठला.