प्रमिलाताईंची एक चौकट आणि माझ्या अकरा

हा लेख मी आपण होऊन लिहीत नाही. प्रमिलाताई सोनावणे यांच्या अमृतमहोत्सवी गौरव अंकासाठी समितीने मला दोनदा पत्र पाठवले आणि दोन्ही वेळा मी नकार कळवला. तिसऱ्यांदा समितीचे चिटणीस अमेय यांचा फोन आला. "मॅडम, स्पष्ट सांगू? तुम्ही लिहिलं नाहीत ना, तर सगळे म्हणतील, परबबाई जळतात." लोक खोटे बोलणार नव्हते. दुसऱ्यांनी ते कुजबुजण्यापेक्षा मीच लिहिलेले बरे.

प्रमिलाताईंची आणि माझी पहिली भेट आठ वर्षांपूर्वी अंधेरीत झाली. उपनगरांतल्या छोट्या वाचनालयांसाठी 'देवघेव' नावाचे मुक्त सॉफ्टवेअर आम्ही काही जण तयार करत होतो. मुक्त म्हणजे कुणीही ते वापरावे, कुणीही त्यात बदल सुचवावा आणि चर्चा सगळ्यांना वाचता येईल अशी खुल्या पानावर व्हावी. आराखडा माझा होता, बहुतेक ओळी मी लिहिलेल्या होत्या, आणि कुठलाही बदल आत घ्यायचा की नाही याची शेवटची मंजुरीही माझीच होती. मी एका बँकेच्या संगणक विभागात तीस वर्षे काढली होती. त्यामुळे यात कुणाला काही गैर वाटले नाही. निदान मला तरी नाही.

त्या बैठकीला प्रमिलाताई मुलुंडच्या वाचनालयातर्फे आल्या होत्या. टेलिफोन एक्स्चेंजमधून ऑपरेटर म्हणून निवृत्त झालेल्या, सॉफ्टवेअरची एक ओळही न लिहिलेल्या. मी भिंतीवर माझा पडदा, म्हणजे संगणकावर दिसणारे नोंदीचे पान, दाखवला. वाचकाचे नाव, वर्गणीदार क्रमांक, पुस्तकाचा दाखल क्रमांक, लेखक, अशा अकरा चौकटी एकाच ठिकाणी, ओळीने भरत जायच्या. सगळ्यांनी माना डोलावल्या. ताईंनी विचारले, "हे भरत बसल्यावर समोरच्या माणसाकडे बघायचं कधी?"

"बघायचं कशाला? नोंद करायची आहे."

"बरं," त्या म्हणाल्या आणि खाली बसल्या. त्यांचे 'बरं' म्हणजे होकार नव्हे, हे मला पुढे कळले.

महिन्याभरात त्यांची सूचना आली. एका लग्नपत्रिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीने काढलेला पडदा, त्यात एकच मोठी चौकट. तिच्यात काहीही टाका, क्रमांक, आडनाव, हातातल्या पुस्तकाचे नाव, वाचकाचे खाते समोर यायला हवे. आमच्याबरोबर सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या अमेय यांनी तो पडदा बांधूनही दाखवला. मी तो नामंजूर केला. एका चौकटीत वाटेल ते टाकायची मुभा आम्ही बँकेत दिली असती तर वाट लागली असती, असे मी लिहिले. पुढच्या सात वर्षांत तीच सूचना, थोडी सुधारून, आणखी पाच वेळा आली आणि पाचही वेळा मी ती परत पाठवली. दर वेळी ताईंचे उत्तर तेवढेच असे: "कळलं. पुन्हा नीट मांडते."

आता हेव्याचे लिहिते. नवे कार्यकर्ते यायचे माझ्या कामावर आणि जाऊन बसायचे ताईंजवळ. वाचनालयांचे फोन यायचे, "ते प्रमिलाताईंचं सॉफ्टवेअर, तुमच्याकडेच ना?" घाटकोपरच्या एका वाचनालयात 'देवघेव' सुरू झाले त्या दिवशी ताईंच्या हातात नारळ दिला गेला आणि मला कुणीतरी विचारले, "मॅडम, प्रिंटर का चालत नाहीये?" मी ओणवी होऊन टेबलाखाली वायर शोधत असताना वर टाळ्या वाजल्या. त्या टाळ्या मी अजून विसरलेले नाही.

सहाव्या नकारानंतर अमेय मला म्हणाले, "मॅडम, आम्ही वेगळी चूल मांडतो. सगळ्याची प्रत काढायची, ताईंचा पडदा लावायचा, नवीन नाव द्यायचं. मुक्त आहे, कुणी अडवू शकत नाही." ते खरे होते. निम्मी वाचनालये त्यांच्याबरोबर गेली असती आणि माझे काम माझ्या डोळ्यांसमोर दुभंगले असते. तेव्हा चर्चेच्या पानावर ताईंनी दोन वाक्ये लिहिली: "चूल एकच राहील. शैलजा हो म्हणेल तेव्हाच पडदा बदलेल." चर्चा तिथे थांबली. वेगळ्या चुलीचा मला जेवढा राग आला नव्हता तेवढा त्या दोन वाक्यांचा आला. भांडून हरले असते तर मान तरी राहिला असता. त्यांनी मला जिंकू दिले, आणि तेही सगळ्यांदेखत.

त्याच सुमारास माझ्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली. काही आठवडे पडद्याकडे बघायला बंदी. ताई रोज दुपारी मुलुंडहून बोरिवलीला फोन करायच्या आणि चर्चेच्या पानावर आलेले सगळे मला वाचून दाखवायच्या. माझ्या बाजूची काही मंडळी त्यांच्याबद्दल वाईट लिहीत होती. तेही त्या वाचायच्या, एक शब्द न गाळता, आवाज न बदलता. मी उत्तरे सांगायचे, त्या टाइप करायच्या. एकदा मी चिडून सांगितले, "लिहा, प्रमिलाताईंना सॉफ्टवेअरमधलं काही कळत नाही, त्यांनी चहापाण्याची व्यवस्था बघावी."

पलीकडे बटणांचा आवाज चालू राहिला. "'काही कळत नाही'च्या पुढे स्वल्पविराम देऊ की वाक्य संपवू गं?"

"ताई, राहू दे ते वाक्य. खोडा."

"मी का खोडू? लाइन तुझी आहे. ऑपरेटरने मधे बोलायचं नसतं."

शेवटी मीच ते मागे घेतले. त्यांच्या जागी मी असते तर फोन आपटला असता.

डॉक्टरांनी बाहेर पडायची परवानगी दिल्यावर ताई म्हणाल्या, "शनिवारी मुलुंडला ये. बोलायचं नाही, माउसला हात लावायचा नाही. नुसतं बसायचं." त्या स्वतः वर्षानुवर्षे दर शनिवारी हेच करत होत्या. ग्रंथपाल ज्योतीच्या मागे खुर्ची टाकून, हात मांडीवर ठेवून त्या बघत बसत. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या मला हे एकदाही सुचले नव्हते.

संध्याकाळची वेळ, टेबलापुढे रांग. पिशवी घेतलेले एक वयस्कर गृहस्थ पुढे आले. ज्योतीची नजर माझ्या पहिल्या चौकटीवर होती. मान वर न करता ती म्हणाली, "नाव?"

त्यांनी पिशवी टेबलावर ठेवली. "ज्योती, गेल्या आठवड्यात तुझ्या आईची तब्येत विचारली मी. आणि आज तू मला नाव विचारतेस?"

ती ओशाळली. "सॉरी हो काका. नाव टाकल्याशिवाय हे पुढेच जात नाही."

"मग त्याला सांग, कदम."

रांगेत हशा झाला. कदमकाका हसले नाहीत. त्यांच्यानंतर आलेल्या प्रत्येकाला ज्योतीने नाव विचारले आणि त्यातल्या प्रत्येकाला ती ओळखत होती. मी वळून ताईंकडे पाहिले. त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही.

जिन्यात मी विचारले, "हे तुम्ही चर्चेत का लिहिलं नाहीत?"

"लिहिलं होतं गं. पहिल्याच सूचनेत. नाव विचारावं लागतं, माणूस दुखावतो. तू उत्तर दिलंस, हा तांत्रिक मुद्दा नाही."

घरी येऊन मी जुने पान उघडले. वाक्य माझेच होते. त्याच संध्याकाळी मी त्यांचा पडदा मंजूर केला.

आज सगळ्या वाचनालयांत तीच एक चौकट आहे. तिच्यामागे जे चालते, अर्धवट आडनाव टाकले तरी नेमका माणूस शोधून काढणारे, ते सगळे मी लिहिले आहे. ते कुणालाही दिसत नाही. "दिसत नाही म्हणजेच चांगलं झालंय," असे ताई म्हणतात. त्यांना म्हणायला सोपे आहे.

डोळे, कान आणि ताठ मान शाबूत ठेवून प्रमिलाताईंनी शंभरी गाठावी. तोवर मीही असावे अशी माझी इच्छा आहे, कारण त्यांच्या शंभरीच्या अंकात हा लेख दुसऱ्या कुणी लिहिलेला मला चालणार नाही.

शेवटी एक नोंद, ती छापली जावी. मागच्या शनिवारी मुलुंडच्या वाचनालयात, अमेय आणि ज्योती यांच्यासमोर, मी प्रमिलाताईंना पुढील गोष्टी सुपूर्द केल्या. 'देवघेव'च्या सर्व पडद्यांवरचा शेवटच्या मंजुरीचा अधिकार. त्याचा परवलीचा शब्द, मोठ्या अक्षरांत लिहिलेला. त्यांच्या सहा नामंजूर सूचनांची फाइल, माझ्या शेऱ्यांसह. ताईंनी चष्मा लावून सगळे तपासले आणि सही केली. ज्योतीने हे वाचनालयाच्या वहीत उतरवून घेतले आणि सवयीने विचारले, "परतीची तारीख?"

मी तिला तिथे आडवी रेघ मारायला सांगितली.

शैलजा परब, बोरिवली