धारवालीचं इंजिन

कापडबाजारात तिला सगळे धारवाली म्हणत. खरं नाव होतं, पण ते बँकेला आणि तिच्या थोरल्या भावाला सोडून कुणाला ठाऊक नव्हतं, आणि भाऊसुद्धा तिला 'धाकटे' अशीच हाक मारायचा. पन्नाशी उलटलेली, अंगानं काटक, केस कायम रुमालाखाली करकचून बांधलेले. गल्लीच्या तोंडाशी तिनं एकदा आवाज दिला की पार शेवटच्या दुकानातला शिंपी बोथट कात्र्या गोळा करायला लागायचा.

तिची मोटारसायकल हेच तिचं दुकान. जुनी, दोन सिलिंडरची, जड. मागच्या चाकाला एक पुली जोडलेली, तिच्यावरून पट्टा कॅरिअरवरच्या धारेच्या चाकाला. गाडी मधल्या स्टँडवर चढवायची, पहिला गिअर टाकायचा की मागचं चाक हवेत फिरायला लागे आणि त्याच्या जोरावर धारेचं चाक. मग कात्री धरायची. हे सगळं तिचं तिनं जमवलेलं. तयार कपड्यांच्या कारखान्यात ती पूर्वी कात्र्या आणि कापायची पाती सांभाळायची. कारखाना बंद पडला तेव्हा बाकीच्या बायका दुसरीकडे कामं शोधत फिरल्या. ही भावाच्या गॅरेजमध्ये गेली आणि कोपऱ्यात धूळ खात पडलेली ही गाडी मागून घेतली. दादा पोट धरून हसला होता. पण इंजिन त्यानंच उघडून, पुसून, परत बसवून दिलं होतं, हेही खरं.

गॅरेज मूळचं वडिलांचं. वडिलांच्या हाताखाली दादा शिकला. तिच्या वाट्याला आलं ते टॉर्च धरणं. पोरीच्या जातीनं हात काळे करू नयेत, असं वडिलांचं मत होतं. टॉर्च मात्र नीट जिथल्या तिथं धरावा लागे, त्यामुळे बघायला कुणी मनाई करू शकलं नाही.

त्या उन्हाळ्यात एका दुपारी दोन कात्र्यांच्या मधे तिचं लक्ष हँडलजवळच्या लाल दिव्याकडे गेलं. तेलाच्या प्रेशरचा दिवा. गाडी नुसती मंद चालत होती आणि दिवा लुकलुकत होता. रेस दिली की विझायचा, सोडली की परत पेटायचा. तिनं हातातली कात्री तशीच खाली ठेवली आणि इंजिन बंद केलं. तेलाचं प्रेशर नसताना इंजिन चालवणं म्हणजे त्याचा जीव घेणं, एवढं तिला कळत होतं. उरलेल्या कात्र्या तिनं शिंप्याला परत दिल्या, उद्या बघू म्हणाली, आणि भर उन्हात गाडी ढकलत दादाच्या गॅरेजपर्यंत नेली.

दादानं गाडी चालू केली, लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाच्या पोटाला लावलं, मूठ कानाला लावली, डोळे मिटले. मग मान हलवली. खालचे बेअरिंग गेले, म्हणाला. या गाडीचे आता मिळत नाहीत. इंजिन गेलं.

दादाची बायको तोवर चहा घेऊन आली होती. तिनं जिन्याखालची जागा दाखवली. तिथं विजेची मोटर बसवून घे, खुर्ची टाक, पंख्याखाली बसून काम कर. या वयात उन्हातान्हात कशाला भटकायचं? वहिनी मनापासूनच बोलत होती, त्यामुळे जास्तच बोचलं. ही जागा काही आज सुचलेली नाही, दोघांचं आधीच बोलणं झालंय, हे धारवालीच्या ध्यानात आलं.

"गेलं म्हणजे काय गेलं?" तिनं दादाला विचारलं. "किती गेलं? मोजलंस?"

"अगं, उभा जन्म कान लावण्यात गेला माझा."

"मग कानानं आकडा सांग."

दादानं चहाचा कप खाली ठेवला. तो रागावला होता, पण बहिणीवर ओरडण्याची त्याची सवय कधीच मोडली होती, कारण ती त्याच्यापेक्षा मोठ्यानं ओरडायची. तिनं चहा संपवला, वहिनीला छान झालाय म्हणून सांगितलं, आणि गाडी परत ढकलत आपल्या घरी नेली. चढ होता. कुणी हात लावायला आलं की ती नको म्हणायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी खोलीपुढच्या अंगणात गोणपाट पसरून ती बसली. आधी तेलाची पातळी बघायची पट्टी काढली. तेल कमी नव्हतं. उलट वरच्या खुणेच्याही वर होतं. तेल कमी नाही म्हणून आपण क्षणभर खूश झालो, याचाच तिला राग आला. कारण वरून थेंबभर तेल न ओतता ते वाढलं कसं? तिनं पट्टीवरचं तेल बोटावर घेऊन चोळलं. पाण्यासारखं पातळ. नाकाजवळ नेलं तर पेट्रोलचा वास.

मग तिच्या डोक्यात प्रकाश पडला. दिवसभर दुकानागणिक गाडी बंद-चालू करायची म्हणून ती पेट्रोलचा कॉक बंदच करत नसे. कार्ब्युरेटरमधली पेट्रोल अडवणारी सुई झिजलेली. गाडी उभी असताना पेट्रोल थेंबथेंब इंजिनात उतरत होतं आणि तेल पातळ करत होतं. तिनं स्वतःला दोन शिव्या हासडल्या. सुई बदलली, सगळं तेल काढून टाकलं, नवं भरलं, फिल्टर बदलला.

दिवा विझला. पण दुपारी इंजिन चांगलं तापल्यावर पुन्हा मिणमिणायला लागला. इंजिनावरचं, प्रेशर उतरलं की दिवा पेटवणारं बटणच खोटं बोलत असेल म्हणून तिनं तेही नवं बसवलं. नवं बटणही तेच सांगू लागलं. तेलाच्या दुकानदारानं तोडगा काढला, एकदम जाड तेल टाक, दिवा दिसणारच नाही. ती म्हणाली, "दिवा न दिसणं हवं असतं तर मी बल्बच काढला असता की."

तिला आकडा हवा होता. जनरेटर दुरुस्त करणारा एकजण तिच्या ओळखीचा होता. त्याच्या बायकोच्या सगळ्या सुऱ्यांना हीच धार लावायची. त्याच्याकडे प्रेशर मोजायचं मीटर होतं. ते बटणाच्या जागी बसेना, म्हणून त्यानं लेथवर एक जोड कातून दिला. वर असंही म्हणाला, की धारवाली, मीटर वाईट बातमी सांगणार असेल तर माझ्यावर डोळे काढू नकोस.

गाडी रात्रभर उभी होती, इंजिन गार होतं. तिनं मीटर बसवलं, किक मारली आणि काट्यावर डोळे रोखले. काटा उठला, अर्ध्यावर आला आणि थांबला. तिनं रेस वाढवली. काटा तिथंच. आणखी वाढवली. शेजारणीनं खिडकी लावून घेतली, पण काटा तसूभर हलला नाही.

ती पायरीवर जाऊन बसली आणि नीट विचार करू लागली. बेअरिंग झिजले तर त्यांच्या फटीतून तेल निसटतं, कबूल. पण ते निसटतं तापून पातळ झाल्यावर. गार तेल मधासारखं घट्ट असतं, ते असं सहजी निसटत नाही. सगळा दोष बेअरिंगचा असता तर गार इंजिनात काटा भरपूर वर जायला हवा होता. मग अर्ध्यावर त्याला कोण अडवतंय? पंप तेल ढकलत होता, आणि कुठेतरी दार उघडं राहून ते परत तळच्या तेलात चाललं होतं. ते दार तिला माहीत होतं. वडील त्याला सोडझडप म्हणायचे. प्रेशर फार वाढलं की ती उघडते, जास्तीचं तेल सोडते आणि स्प्रिंगच्या जोरावर परत मिटते.

झडपेचं बूच इंजिनाच्या बाजूला, खाली होतं. ते इतकं घट्ट बसलेलं, की पान्यावर पाइप चढवून तिला दोन्ही पायांनी जोर लावावा लागला. बूच निघालं. स्प्रिंग बाहेर आली, दमून बसकी झालेली. मागोमाग झडप. आणि झडप जिथं टेकते तिथं चिकटलेला एक वाळका, राखाडी धागा. तिनं तो चिमट्यानं सोडवून उजेडात धरला. जोडातून तेल गळू नये म्हणून गॅस्केटला फासतात ते लुकण. कुणीतरी कधीकाळी जोडाला ते सढळ हातानं फासलं होतं, जास्तीचं आतल्या बाजूला गळलं, वाळून सुटलं आणि तेलाबरोबर फिरत फिरत इथं येऊन अडकलं. झडप पुरती मिटतच नव्हती.

कुणीतरी म्हणजे कोण, हे शोधायला लांब जायची गरज नव्हती.

जागा साफ करून, नवी स्प्रिंग घालून तिनं गाडी चालू केली. गार इंजिनात काटा सरसर वर चढला. ती एकटीच मोठ्यानं हसली. मग उन्हात बाहेर पडली, मीटर तसंच लटकतं ठेवून लांबचा फेरा मारला आणि तापलेली गाडी थेट गॅरेजच्या दारात उभी केली.

दादा हात पुसत बाहेर आला. तिनं तो धागा त्याच्या तळहातावर ठेवला आणि कुठं सापडला ते सांगितलं. त्यानं तो बोटानं उलटापालटा केला.

"हे कुणाचंही असेल," तो म्हणाला.

"या इंजिनात तुझ्याशिवाय कुणाचा हात गेलाय?"

 दादा खाली उकिडवा बसला, रेस कमी-जास्त करत काटा बघत राहिला. वहिनी दारापर्यंत आली आणि नवऱ्याचा चेहरा बघून आत वळली. रेसवर काटा झकास होता. मंद चालताना मात्र घसरत घसरत पार खाली यायचा. दिवा पेटत नव्हता, पण पेटायला फार बाकीही नव्हतं.

"हे बघ," दादा म्हणाला. त्याच्या आवाजात पहिल्यासारखा ठामपणा नव्हता. "बेअरिंग झिजलेत. मी खोटं नव्हतो बोललो."

"झिजलेत," ती म्हणाली. "दिसतंय मला. दोन कात्र्यांच्या मधे इंजिन बंद करत जाईन. आणि जिन्याखाली तुझे टायर ठेव."

"जिद्दीनं बेअरिंग भरून येत नाहीत, धाकटे. वर्षभर काढेल, फार तर."

"मग वर्षानं बोलू."

तिनं मीटर काढून पिशवीत घातलं, बटण परत बसवलं. दादानं न विचारता दुसरा पाना पुढं केला आणि तिनं तो घेतला. मग तिनं रुमाल घट्ट केला, किक मारली आणि सलूनच्या गल्लीकडे निघाली. तिथले वस्तरे आणि कात्र्या आठवडाभर तिची वाट बघत पडून होत्या.