शमीमआपांनी कोरलेले हात

शमीमआपा मयताला गेल्या की दाराजवळ उभ्या राहायच्या आणि रडणाऱ्यांचे हात पाहायच्या. भोरमध्ये बऱ्याच जणांना ते खटकायचं. माझा छापखाना त्यांच्या शेजारी, म्हणून एकदा विचारलंच. म्हणाल्या, "तोंड खोटं बोलतं, भाऊ. हातांना ते जमत न्हाई."

त्या माणसांची चित्रं करायच्या. लाकडी फळीवर कोरून, शाई लावून कागदावर छापायच्या. पुरात, अपघातात, उपासमारीत पोळलेली माणसं. असली चित्रं घरात कोण लावणार? पण त्यांनी दुसरं काही केलं नाही.

विंझर गावाच्या वरच्या अंगाला खाणीत दरड कोसळून किसन नावाचा पोरगा गेला. त्याच्या आईला, हिराबाईला, आपांनी गर्दीतून लांबूनच पाहिलं आणि कोरलं: छातीवर दोन्ही मुठी, तोंड उघडं. तो छाप भोरच्या प्रदर्शनात लागला. दुसऱ्याच दिवशी किसनचा थोरला भाऊ दत्तू कुऱ्हाड घेऊन आत शिरला.

"माझ्या आईचं रडणं भिंतीला टांगलं व्हय? कुणाला इचारून?"

मी मध्ये पडणार, तोच आपांनी मला मागे सारलं. आतल्या खोलीतून त्या चित्राची कोरलेली फळी आणून त्याच्यापुढे ठेवली. "कागद फाडून काय व्हनार? तो परत छापता येतो. मोडायची तर ही मोड." आवाज शांत होता, पण ओठ पांढरे पडले होते.

दत्तूनं कुऱ्हाड उचलली. तेवढ्यात मागून हिराबाई आली. कुणाकडे न बघता चित्रासमोर जाऊन उभी राहिली.

"मुठी न्हवत्या," ती म्हणाली. "त्याची चप्पल व्हती माझ्या हातात. सोडवत न्हवती."

आपा तिच्यासमोर आल्या. "चुकलं माझं. न इचारता कोरलं." मग दत्तूच्या हातातली कुऱ्हाड घेतली आणि स्वतःच फळीचे दोन तुकडे केले.

पुढे नवी फळी घेऊन त्या एसटीनं विंझरला जाऊ लागल्या. पहिल्या दिवशी हिराबाईनं विचारलं, "रडू का?"

"न्हाई. नुसतं बसा."

दत्तू ओट्यावर पाठ फिरवून बसायचा. छाप निघाल्यावर आपांनी तो आधी हिराबाईच्या हातात दिला. तिनं कागदावरच्या चपलेवरून बोट फिरवलं. "आता लावा भिंतीला," म्हणाली.

यंदा उन्हाळ्यात आपा गेल्या. त्याच सकाळी मी मोटारसायकलवरून विंझरला सांगायला गेलो. हिराबाई म्हणाली, "तिच्यापाशी रडाया कोन हाय?"

आपांच्या मागे कुणीच नव्हतं. तसं मी सांगितलं.

तिनं आत हाक मारली, "दत्तू, गाडी काढ. भोरला जायाचंय."