फुलाबाईच्या डोक्यावरचा तवा

फुलाबाईचं नाव काढलं की मला आधी राग येतो. आताही आला बघा. इतकी हट्टी बाई अख्ख्या सोलापुरात शोधून सापडायची नाही, आणि इतक्या मोठ्या काळजाचीही नाही.

मी चंद्रव्वा. बाळीवेशीजवळ आमचं भुसाराचं दुकान, मागच्या गल्लीत फुलाबाई राहते. जातीनं धनगर, माहेर-सासर दोन्ही सांगोल्याकडं. पाण्यावाचून मेंढरं गेली तशी नवऱ्याबरोबर इकडं आली. धुळाप्पा गिरणीत लागला आणि ही माळवदांवर माती टाकायच्या कामाला. आमच्याकडं घरांना कौलं नसतात की! लाकडी तुळया, वर फळ्या आणि त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. उन्हाळ्यात लई गार. पण परतीचा पाऊस झोडपायला लागला की तीच माती पाणी पिऊन जड होते, आणि तुळई कुजकी निघाली तर सगळं माळवद खाली येतं. आत माणूस असलं तर ते गाडलं जातं.

असं कुठं झालं की लोक फुलाबाईला बोलवायला पळायचे. अंगानं नुसती काडी. मांजर शिरेल तिथं ही शिरायची, कुठल्या फळीला हात लावायचा आणि कुठलीला नाही हे तिला बरोबर कळायचं. किती जणांना तिनं ओढून बाहेर काढलं, ते तिलाही आठवायचं नाही.

एकदा आत सरकताना वरून वीट आली ती थेट टाळूवर. डोक्याला पदराशिवाय काही नव्हतं. बाई तिथंच बेशुद्ध. लोकांनी आधी हिला पाय धरून ओढलं, मग आतल्या म्हातारीला काढलं. चार दिवसांनी डोकं बांधून माझ्या अंगणात हजर.

"चंद्रव्वा, डोस्क्याला कायतरी पायजे बग. मीच आत पडले तर आतल्याला कोन काडनार?"

घ्या! स्वतःचं डोकं फुटलं त्याचं हिला काहीच नाही.

नगरपालिकेच्या बंबावरचा जमादार भला माणूस. त्यानं आग विझवताना डोक्यावर घालायचा आपला पितळी टोप आणून दिला. काय झळाळी होती त्याची! फुलाबाईनं घातला तर नाकापर्यंत आला. मला हसू आवरेना.

"लई झ्याक हाय जमादार," ती आतून म्हणाली, "पर कान झाकत्यात. आतलं मानूस कन्हलं तर मला ऐकू कसं येनार?"

जमादारानं मान डोलावली. टोप परत घेतला आणि त्याचा जुना चामडी पट्टा सोडून तिच्या हातात दिला. "हनुवटीखाली बांधायला होईल, बाई."

मग माझ्या स्वयंपाकघरावर धाड. पितळी तपेलं घातलं, तर त्यात तिचाच आवाज घुमायला लागला. कामावरचं घमेलं घातलं, तर दारातसुद्धा अडकलं. शेवटी स्वतःच्या घरी गेली आणि भाकरीचा तवा घेऊन आली. लोखंडी, खोलगट, दोन्ही बाजूंना कान. डोक्यावर चुंबळ ठेवली, पाण्याची घागर घेताना ठेवतो तीच, वर तवा उपडा घातला आणि पट्टा तव्याच्या कानांतून ओवून हनुवटीखाली आवळला. तिची सासू बनाबाई ओरडत आली, "आगं, चुलीवरचा तवा डोस्क्यावर? घरात काय अभद्र करतीस!" हिनं लक्षच दिलं नाही.

"चंद्रव्वा, बत्ता घे आनि हान."

"अय्यो! मी नाही बाई."

"हान की! सकाळपासनं खाल्लं न्हाईस व्हय?"

हाणला मी. राग होताच. खणकन आवाज झाला, पण चुंबळीनं दणका खाल्ला आणि ही उभीच्या उभी, हसतेय. मग मला घरामागं जाऊन कण्हायला लावलं. भर दुपारी मी भिंतीआड उभी राहून कण्हतेय आणि शेजारीण विचारतेय, पोटात दुखतंय का गं! पण फुलाबाईला ऐकू आलं. तवा ठरला.

पुढच्या पावसाळ्यात आमच्याच दुकानामागच्या कोठीचं माळवद बसलं. आत माझा नवरा, तिप्पण्णा.

हमाल ढिगाऱ्यावर चढले होते. फुलाबाई तवा बांधतच धावत आली आणि अशी कडाडली, "उतरा खाली! वरनं दाबून मारताय का त्याला?" सगळ्यांना गप्प केलं. जमिनीला कान लावला. मग सरपटत आत गेली.

आतलं मला त्यानंच सांगितलं. छातीपर्यंत मातीत, तुळई तिरकी अडकलेली, डोक्यावर फळी लोंबतेय. खुरप्यानं माती ओढल्याशिवाय तो निघत नव्हता, आणि माती ओढली की फळी येणार हे तिला दिसत होतं. तिनं पट्टा सोडला. चुंबळ आणि तवा त्याच्या डोक्यावर बसवला, पट्टा आवळला. तो म्हणाला, "फुलाबाई, अन् तुझं?" तर म्हणाली, "गप बसा मालक, मान हालवू नका." आणि खुरपं चालवलं.

फळी आली. तव्याला पोचा पडला, त्याला खरचटलंसुद्धा नाही. फुलाबाईच्या मानेवर मात्र विटा आल्या. तशातच तिनं त्याला उजेडात ओढलं आणि भिंतीला टेकून खाली बसली.

मी रडत होते आणि तिच्यावरच ओरडत होते. "अगं कैदाशिणी, एवढी परीक्षा करून तवा घेतलास तो कशाला? दुसऱ्याला द्यायला?"

ती हळूच म्हणाली, "व्हय गं. येकच आनला की मी. चुकलंच."

मान तिची वाकडीच राहिली. डोक्यावर घमेलं परत कधी घेता आलं नाही, पण आत शिरणं काही सुटलं नाही. तिनं मागितला नव्हता, मीच आमच्या चुलीवरचा तवा उतरवून तिच्या दारात नेऊन ठेवला. तेव्हापासून दर वेळी आमच्या चुलीवरचा तवा मागून नेते आणि दोन तवे घेऊन निघते, एक तिचा आणि एक आत सापडेल त्याचा. गावात कुठं माळवद बसलं की आमच्या घरी भाकरी होत नाही. तवा परत येईपर्यंत तिप्पण्णा उंबऱ्यावर बसून राहतो, जेवायला मागत नाही.