शेराचं कुंपण

आखातात, अल हैलला, आमच्या तळमजल्याच्या घरापुढे वीतभर अंगण होतं. त्यात मी काही लावलं की मोकाट शेळ्या येऊन फस्त करायच्या, अगदी तुळससुद्धा. शेजारच्या खाला रत्नागिरीकडच्या, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठ्या. म्हणाल्या, "बाय, शेर लाव. बोकडाचा बापूस पण तोंड लावनार नाय."

शेर म्हणजे ते बिनपानांचं, हिरव्या कांड्यांचं झाड हो. मोडलं की पांढरा चीक गळतो. कुठून तरी फांद्या मिळवून त्यांनीच लावल्या. दोन वर्षांत छातीइतकं कुंपण झालं. "चिकापासून पोरीला जप गो," हे त्या येताजाता सांगायच्या. मी "हो हो" म्हणायचे.

माझी लेक तेव्हा चार वर्षांची. एका दुपारी मी आत फोनवर बोलत बसले, आणि ती बाहेर बाहुलीसाठी त्या कांड्यांचं दूध काढत बसली. तेच हात डोळ्यांना लावले. किंकाळी ऐकून माझ्याआधी खाला पोचल्या. नळ सोडला तर जूनमधलं टाकीचं पाणी, कढत! त्यांनी आपल्या फ्रिजमधल्या सगळ्या बाटल्या आणल्या आणि एकेक करून तिच्या डोळ्यांवर ओतल्या. आणि मी काय केलं? ओरडले, "तुमच्या झाडानं माझी पोर आंधळी केली!"

त्या ओतत राहिल्या.

डॉक्टर म्हणाले, लगेच धुतलं म्हणून नजर वाचली. तिसऱ्या दिवशी पट्ट्या निघाल्या. लेक माझ्याकडे बघून म्हणाली, "आई, तुझी टिकली तिरकी आहे." मी तिथेच रडले.

घरी आलो तर कुंपण नाही. खालांनी एकटीनं मुळापासून काढलं होतं. कोपरापर्यंत हातांवर फोड. "काढलं हां," एवढंच बोलल्या. माफी मागायची ती तेव्हाच. पण मला वाटलं, उद्या निवांत बोलू. त्यानंतर त्यांनी माझ्या स्वयंपाकघरात पाऊल टाकलं नाही, आणि मी त्यांच्या दारापर्यंत जाऊन परत यायचे. वर्षाच्या आत त्यांच्या नवऱ्याचं काम खलास झालं, दोघं गावी गेले.

तिकडून एकदाच फोन आला, बूथवरून.

"पोरीचे डोले बरे हायत ना गो?"

"बरे आहेत, खाला."

 माफी मागायला मी तोंड उघडलं, आणि विचारलं, यंदा आंबे कसे आहेत.