पायथ्याची पाटी

माझी मावशी व्हर्लीन टब्स माउंट नेबो हॉस्पिटलात एकतीस वर्षं नर्स होती, आणि तेवढ्या वर्षांत तिला धड खुर्चीत बसलेलं कुणी पाहिलं नाही. मी तिच्याच हाताखाली शिकाऊ. वॉर्डात 'मावशी' म्हटलं की दंडाला चिमटा. "इथे मी मिस टब्स!"

गावातले गोरे आम्हा काळ्यांच्या पांढऱ्या केसांच्या माणसांनासुद्धा नुसत्या नावाने हाका मारायचे. म्हणून आमच्या लोकांनी स्वतः विटा वाहून हे हॉस्पिटल बांधलं, तेव्हा पहिला नियम हाच केला: प्रत्येक खाटेच्या पायथ्याशी पाटी, आणि पाटीवर नावाआधी मिस्टर नाहीतर मिसेस; हाकही तशीच मानाची. मग माणूस कापूस वेचणारा असो की पाद्री.

नियम मोडायचे एकटे आमचे म्हातारे रोगी होझिया पर्विस. विटा वाहणाऱ्यांतले ते शेवटचे उरलेले. "ए पोरी, उशी नीट कर!" पन्नाशीची मावशी फणफणायची, उशी मात्र नीट करायची.

सदुसष्ट साली कायद्यामुळे गोऱ्यांच्या हॉस्पिटलाला आम्हालाही आत घ्यावं लागलं. चांगलंच झालं, मी नाही कुठे म्हणतेय? पण आमचे डॉक्टर गेले, रोगी गेले, आणि माउंट नेबोला कुलूप लागायला चार दिवस राहिले. नेमका तेव्हाच पर्विसांच्या आतड्याला पीळ पडला. ऑपरेशन करायला कुणी नाही.

"तिकडे नेते तुम्हाला," मावशी म्हणाली.

"इथेच मरेन. तिकडे मी परत 'ए होझिया' होणार."

मावशी खिडकीपाशी गेली, परत आली, पुन्हा गेली. पोट दाबून पाहिलं. लाकडासारखं टणक. मग तिने पायथ्याची पाटी उपसून एप्रनच्या खिशात कोंबली. "ही बरोबर येतेय. आता तरी निघा, हट्टी कुठले!"

आमच्याकडे आजाऱ्याला आणि मेलेल्याला न्यायला गाडी एकच. पर्विस आत आडवे होत म्हणाले, "पोरी, येताना मला बसवून आण हं."

तिथल्या टेबलापाशी चष्मा लावलेली गोरी तरुणी होती.

"मिस्टर होझिया पर्विस," मावशीने सांगितलं.

"होझियाला आत घ्या!" ती ओरडली.

पर्विसांनी लगेच स्ट्रेचरवरून एक पाय खाली सोडला. मावशीने पाटी काढून स्ट्रेचरच्या पायथ्याला अडकवली. तरुणीने ती काढून टेबलावर ठेवली. "असलं इथे चालत नाही. तू बाहेर थांब, पोरी."

पर्विस कोपरावर उठले. चेहरा राखेसारखा झालेला. "मिस टब्स म्हणायचं," ते म्हणाले. "एकतीस वर्षं नर्स आहेत त्या."

मावशीने पाटी परत अडकवली. या वेळी ती कुणी काढली नाही आणि स्ट्रेचर आत गेलं.

पर्विस त्यातून उठले, सहा वर्षं जगले, आणि शुद्धीवर येताच पुन्हा 'पोरी'वर आले. पण त्या दुपारी हे कुणाला ठाऊक? मावशी डोळे पुसत बाहेरच्या लांबलचक व्हरांड्यात येरझारा घालत होती. मला ते बघवेना.

"मावशी, बस ना जरा."

तिने माझ्या दंडाला करकचून चिमटा काढला.